टाच वळते तिथे

साठ टाके घालायचे. तीन सुयांवर वीस-वीस, चौथी सुई हातात मोकळी. दोन सुलट, दोन उलट अशा ३५ ओळी. छत्तिसाव्या ओळीत चार टाके सुलट घ्यायचे, पुढचे दोन एकत्र विणायचे, असं ओळ संपेपर्यंत. साठाचे पन्नास होतात. मग ५० ओळी नुसत्या सुलट. इथवर पोटरी झाली.

पहिल्या महायुद्धात अमेरिकन रेड क्रॉसने घरोघरच्या बायकांसाठी छापलेल्या पायमोज्याच्या नमुन्याची ही सुरुवात. वाचताना तो स्वयंपाकाच्या पुस्तकापेक्षा लष्करी हुकुमासारखा वाटतो. कशासाठी, कुणासाठी, याबद्दल अवाक्षर नाही. आकडे तेवढे दिलेले, आणि ते पाळायचे. मी तो भांडगावात, आत्याच्या पडवीत बसून विणायला घेतला. यवत मागे टाकून सोलापूर रस्त्याने चौफुल्याच्या दिशेला निघालं की हे गाव लागतं. दौंड तालुका, खडकवासल्याच्या कालव्याचं पाणी, त्यावर ऊस. जानेवारीचे दिवस. सकाळी ऊन पडवीत यायला नऊ वाजत, तोवर बोटं आखडलेली.

पहिला प्रयत्न फसला, आणि तो माझ्याच अतिउत्साहामुळे. आत्या लहानपणी सायकलच्या स्पोकवर विणायला शिकलेली. तिच्या ट्रंकेत ते स्पोक अजून होते, टोकं दगडावर घासून गोल केलेले. मला वाटलं, व्वा, अस्सल जुनी हत्यारं. सायकलचा साधा स्पोक २ मिलिमीटर जाडीचा, म्हणजे विणकामाच्या १४ नंबरच्या सुईएवढा. नमुन्याला याहून बऱ्याच जाड सुया हव्या होत्या, हे मी नजरेआड केलं. टाके पन्नासच, पण प्रत्येक टाका बारीक. चार दिवसांनी जे तयार झालं ते आत्याने दोन बोटांत धरून उजेडात पाहिलं.

"हे कुणाच्या पायात घालायचं गं? बाळंतविड्यात देऊ का कुणाच्या?"

विणकामात आकड्याला एकट्याने अर्थ नसतो. इंचात किती टाके बसतात त्यावर सगळं अवलंबून. लोकर, सुई आणि विणणारीचा हात या तिघांनी मिळून ते ठरतं. हजारो बायकांचे हजारो हात, कुणाचा सैल, कुणाचा घट्ट. त्या सगळ्यांकडून एका मापाचा मोजा काढून घ्यायचा, तर नमुन्यात शोभेला जागाच राहत नाही. नमुना टाक्यांबरोबर इंचही सांगतो ते याचसाठी: दोन सुलट-दोन उलटची वीण साडेचार इंच, पोटरी एकूण ११ इंच, पाऊल टाचेपासून अंगठ्यापर्यंत ११ इंच. टाके जुळले आणि इंच चुकले, तर दोष तुमच्या हाताचा. मी उसवलं. पुण्याहून जाड बांबूच्या सुया आणल्या, आणि लोकरही बदलली. आपल्याकडे दुकानात 'लोकर' म्हणून मिळतं ते बहुतेक वेळा कॅशमिलॉन असतं, म्हणजे मेंढीशी काडीचा संबंध नसलेला कृत्रिम धागा. स्वेटरला चालतो. या मोज्याला चालत नाही. का, ते पुढे येईल.

दुसऱ्या वेळी विणताना एक गोष्ट ध्यानात येत गेली. या नमुन्यातल्या जवळजवळ प्रत्येक ओळीमागे एक दुखापत उभी आहे. दोन सुलट-दोन उलट ही वीण रबरासारखी ताणते, त्यामुळे मोजा पोटरीवर राहतो आणि तरी रक्त अडवत नाही. बंद बांधून मोजा वर ठेवला असता तर पायाला काच बसला असता. त्या काळी शिपायाच्या पोटरीला आधीच कापडी पट्टी गुंडाळलेली असे. आपल्या 'पट्टी'लाच इंग्रजांनी 'पटी' करून गणवेशात घेतलं होतं. ओली पट्टी आवळली की पाऊल बधिर. रेड क्रॉसच्या सूचनांत आणखी एक गोष्ट बजावलेली असे: धागा संपला तर गाठ मारू नका, दोन्ही टोकं एकमेकांत मिसळून पुढे विणा. तळपायाखाली ज्वारीच्या दाण्याएवढी गाठ वीस मैलांत फोड आणते. फोड फुटतो, त्यात माती जाते. आणि पेनिसिलीन तर दुसऱ्या महायुद्धात आलं.

डावा-उजवा भेद या मोज्याला नाही. दोन्ही सारखे, म्हणजे रोज अदलाबदल करून घालता येतात आणि झीज वाटली जाते. अंगठ्याच्या जागी भोक पडायला दुप्पट दिवस लागतात.

सगळ्यात मोठी दुखापत मात्र चिखलाची. १९१४च्या हिवाळ्यात फ्रान्स आणि बेल्जियमच्या खंदकांत गुडघाभर पाण्यात शिपाई दिवसचे दिवस उभे राहिले आणि त्यांचे पाय निकामी होऊ लागले. पाय आधी बधिर, मग सुजून निळे-काळे, मग मांस झडायला लागलेलं. डॉक्टरांना सुरुवातीला हा हिमदंश वाटला. पण त्याला बर्फ लागतच नाही. पाणी नुसतं थंड हवं, गोठणबिंदूच्या बरंच वर असलं तरी पुरे. थंडीने पायातल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, ओल्याने कातडी भिजून मऊ पडते, घट्ट बूट उरलेलं रक्त अडवतो. 'ट्रेंच फूट' हे नाव तेव्हापासूनचं. ब्रिटिश फौजेतले सुमारे ७५ हजार सैनिक या आणि हिमदंशाच्या दुखण्याने रुग्णालयात दाखल झाले. उपाय मात्र आजीबाईच्या बटव्यातला वाटावा असा: रोज पाय कोरडे करा, देवमाशाचं तेल चोळा, कोरडे मोजे घाला. हे शिपाई करतो की नाही ते बघण्याची जबाबदारी अधिकाऱ्यावर. माणसामागे मोज्यांचे दोन-तीन जोड हवेत आणि ते सतत बदलायला हवेत, हा हिशेब लाखोंनी गुणला की विणणाऱ्या बायका कुठून आल्या ते कळतं. ब्रिटनच्या राणी मेरीने १९१४ साली केलेलं आवाहनच ३ लाख जोडांचं होतं.

भांडगावकडच्या माणसाला हे दुखणं समजावून सांगावं लागत नाही. आपल्याकडे त्याचा धाकटा भाऊ आहे: चिखल्या. पावसाळ्यात भातखाचरात किंवा हिवाळ्यात उसाला पाणी देताना तासन्तास चिखलात उभं राहिलं की बोटांच्या बेचक्यांतली कातडी पांढरी पडून फाटते, खाजते, चुरचुरते. रोग वेगळा, त्यात बुरशीचा भाग मोठा, आणि पाय झडत नाही. पण जिथे ओल तिथे कातडी हरते, हे मूळ एकच. आत्याने ट्रेंच फूटचं वर्णन ऐकलं आणि म्हणाली, "म्हंजे चिखल्याच की, पर मोठ्या." मग हळद-तेलाचं सांगितलं. देवमाशाच्या तेलाबद्दल मी बोलले नाही.

आता टाच. मोज्यातली खरी करामत तिथे आहे, म्हणून जरा थांबून सांगते.

पोटरीपर्यंत आपण गोल नळी विणत आलो. पन्नासपैकी २५ टाके एका सुईवर घ्यायचे, बाकीचे २५ दोन सुयांवर झोपवून ठेवायचे. घेतलेल्या पंचविसांवर एक ओळ सुलट, एक उलट असं मागेपुढे २६ ओळी, प्रत्येक ओळीचा पहिला टाका न विणता नुसता उचलून घ्यायचा. साधारण तीन इंचांचा चौकोनी पदर तयार होतो. तो टाचेच्या मागे येणार. आता हा सपाट पदर तळपायाखाली वळवायचा. शिंप्याला विचाराल तर तो चुणी घालेल किंवा कापून शिवेल. इथे शिवण चालत नाही, टाचेखाली शिवण म्हणजे फोड. मग काय करायचं? ओळ पुरी विणायचीच नाही. १४ टाके, पुढचे दोन एकत्र, आणखी एक, आणि तिथूनच मागे फिरायचं. कडेचे आठ तसेच सोडायचे. मागे येताना सुरुवातीचे पाच टाके, पुढचे दोन एकत्र, एक, आणि पुन्हा उलट फिरायचं. त्याही बाजूला आठ सुटले. दर ओळीला मधला पट्टा एकेका टाक्याने रुंदावतो आणि कडेचे सुटलेले टाके गिळत जातो. दहा ओळींत २५चे १५ होतात. मधल्या भागाला जास्त ओळी मिळालेल्या, कडांना कमी. जास्त मिळालेलं कापड जाणार कुठे? ते फुगतं, आणि फुगून वाटी होते.

पळसाच्या पानाचा द्रोण करताना पान दुमडून काडी टोचावी लागते. इथे दुमड नाही, काडी नाही. सहाव्या-सातव्या ओळीला सपाट विणीला पोट सुटताना दिसतं, आणि आपण टाके बरोबर मोजले याखेरीज त्यात आपलं कर्तृत्व काही नसतं. आत्या हे बघायला खुर्ची सोडून माझ्या शेजारी सतरंजीवर येऊन बसली. पंच्याहत्तरीच्या बाईने गुडघ्यांची कुरकूर विसरून खाली बसावं, एवढी ती टाच मोलाची का, ते मला नंतर कळलं.

पुढे वाटीच्या दोन्ही कडांवरून तेरा-तेरा टाके उचलायचे, झोपवलेल्या टाक्यांना जागं करायचं, की पुन्हा नळी सुरू. चवड्याशी टाके कमी करत आणायचे. शेवटी जे उरतात ते दोन सुयांवर समोरासमोर धरून जाड सुईने असे ओवायचे की मधे नवी ओळ विणल्यासारखीच दिसावी. बोटांवर शिवणीचा कंगोरा राहत नाही. या जोडणीला इंग्रजीत 'किचनर स्टिच' म्हणतात. म्हणजे फौजभरतीच्या पोस्टरवरून 'तुमच्या देशाला तुम्ही हवे आहात' म्हणत बोट रोखणारा, मोठ्या मिशांचा तो लॉर्ड किचनर. त्याने स्वतः ही जोडणी शोधली ही बहुधा दंतकथाच, आणि तो टाके ओवत बसलाय हे चित्र डोळ्यांपुढे आणवतही नाही. पण मराठी वाचकाची त्याच्याशी ओळख वेगळ्या वाटेने आहे. १९०२ ते १९०९ तो हिंदुस्थानचा सरसेनापती होता. लॉर्ड कर्झनशी त्याचं वाजलं आणि जायची वेळ कर्झनवर आली. १९०३ साली त्याने साऱ्या पलटणींना नवे क्रमांक दिले. मुंबई लष्कराच्या पलटणींच्या जुन्या आकड्यात शंभर मिळवले गेले, आणि १०३, १०५, ११०, ११४, ११६, ११७ या मराठा पलटणी झाल्या. म्हणजे पहिल्या महायुद्धात मराठा शिपायाच्या पलटणीचा आकडा किचनरचा, आणि कुणी विणलेला मोजा त्याच्या वाट्याला आला असेल तर चवड्याची जोडणीही त्याच्याच नावाची. किचनर स्वतः जून १९१६ मध्ये ऑर्कनी बेटांजवळ बोट बुडून मेला.

आपली माणसं त्या चिखलात होती. लाहोर डिव्हिजन २६ सप्टेंबर १९१४ला मार्सेलला उतरली आणि थेट हिवाळ्यात गेली. खडकीच्या तिसऱ्या सॅपर्स अँड मायनर्सच्या २० आणि २१ नंबरच्या कंपन्या २८ ऑक्टोबरला न्यव्ह शापेलच्या हल्ल्यात लढल्या आणि पार कापल्या गेल्या. उबदार कपड्यांची ददात भागवायला त्याच महिन्यात लंडनमध्ये इंडियन सोल्जर्स फंड सुरू झाला. पण मराठा पलटणींचा मोठा वाटा फ्रान्सला नव्हे, मेसोपोटेमियाला, म्हणजे आजच्या इराकला गेला. आघाडीवरच्या सहाव्या डिव्हिजनचं नावच पूना डिव्हिजन. तिथल्या कूत गावाला पडलेल्या १४७ दिवसांच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या तिन्ही पलटणी अडकल्या आणि २९ एप्रिल १९१६ला शरण गेल्या. इराक म्हटलं की आपल्याला वाळू आणि ऊन आठवतं. जानेवारी १९१६ मात्र पावसाचा होता. वेढा फोडायला निघालेल्या फौजेचे जखमी हन्नाच्या लढाईनंतर थंडगार चिखलात रात्रभर पडून राहिले. या आघाडीचं मुख्य बंदर मुंबई. तिथे गव्हर्नरची पत्नी लेडी विलिंग्डन हिच्या पुढाकाराने वॉर अँड रिलीफ फंडाच्या महिला शाखेचं काम चाले. सैनिकांसाठी कपडे आणि रुग्णालयांसाठी सामान तयार करून, गोळा करून पाठवण्याचं.

इथे एक विचित्र गोष्ट आहे. ज्या मुलखातून ही माणसं गेली तिथे मेंढ्या आहेत, लोकर आहे, आणि लोकरीची जुनी विद्याही आहे, पण सुयांचं विणकाम नाही. शिरूर-दौंडच्या माळावर धनगरांची दख्खनी मेंढरं पिढ्यान्‌पिढ्या फिरतात. त्यांची लोकर कातरून, सूत काढून मागावर घोंगडी होते, चिंचोक्याची खळ लावून ताठ केलेली. अशी घोंगडी पाऊस झेलते, रात्री अंथरूण होते आणि वीस वर्षं टिकते. पण तो धागा राठ, केसाळ. त्याचा मोजा केला तर तो पायाला साळिंदरासारखा टोचेल. आणि मोजा हवाच कुणाला होता? वहाणेत मोजा मावत नाही. इजिप्तमध्ये दीड हजार वर्षांपूर्वीचे मोजे सापडलेत ते अंगठ्याला वेगळं घर केलेले, म्हणजे वहाणेत घालता यावेत असे. ती युक्ती आपल्याकडे रुजली नाही. 'मोजा' हा शब्दसुद्धा फारसी आहे. बूट मिळाला, त्यासोबत मोजा आला, आणि बूट फौजेत मिळाला. खेड्यातल्या कित्येक घरांत आयुष्यातला पहिला मोजा घालणारा माणूस पलटणीत गेलेला होता.

सुया आल्या त्या मिशनऱ्यांच्या आणि मुलींच्या शाळांच्या शिवणवर्गांतून. भांडगावहून केडगाव जवळच. तिथे पंडिता रमाबाईंनी १८९६-९७च्या दुष्काळानंतर उभारलेल्या मुक्ती सदनात बायकांच्या हाताला काम देण्याचा आग्रह मोठा होता: माग, शिवण, तेलघाणा, छापखाना. ज्या हातांना काम नाकारलं गेलं होतं त्यांना ते शिकवणं ही तिथली मुख्य गोष्ट.

लढायांनी आपल्याला दिलेलं आणखी एक विणकाम मात्र गावागावात पोचलंय आणि त्याचा उगम कुणी विचारत नाही. माकडटोपी. क्रायमियन युद्धात १८५४ साली जिथे लढाई झाली त्या बालाक्लाव्हा गावावरून इंग्रजीत तिचं नाव पडलं. त्याच लढाईतल्या लॉर्ड कार्डिगनचं नाव बटणांच्या स्वेटरला. थंडीत पहाटे एसटीच्या थांब्यावर माकडटोपी आणि वर कार्डिगन घालून बसलेले आजोबा म्हणजे चालतंबोलतं क्रायमिया आहे.

आत्याच्या विणकामाचं साल १९६२. २० ऑक्टोबरला चिनी हल्ला सुरू झाला तेव्हा हिमालयातल्या अनेक जवानांच्या अंगावर सुती गणवेश आणि पायात कॅनव्हासचे बूट होते. ही बातमी गावोगाव पोचली तशी देशभर सुया निघाल्या. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री होऊन दिल्लीला गेले, सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावला हे वाक्य प्रत्येक सभेत वाजत होतं, बायका अंगावरचं सोनं संरक्षण निधीला देत होत्या, आणि शाळांतून, महिला मंडळांतून जवानांसाठी विणकाम चालू होतं. आत्या तेव्हा बारा वर्षांची. शाळेत बाईंनी मुलींची वाटणी केली. ज्यांना टाच वळवता येते त्यांना मोजे, ज्यांना येत नाही त्यांना मफलर. मफलर म्हणजे सरळ पट्टी, सुलट जा, उलट ये, संपलं.

"माझ्या वाट्याला मफलर आला," आत्या म्हणाली. साठ वर्षांहून जुना तो निकाल तिने अजून मान्य केलेला नाही.

आता लोकरीचं राहिलेलं. लोकरीचा तंतू हवेतली ओल आत ओढून घेतो. स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास ओल पिऊनही हाताला ओला लागत नाही, आणि पिताना थोडी उष्णताही सोडतो. सुताचा मोजा भिजला की लोळागोळा होऊन कातडीला चिकटतो. लोकरीचा तंतू कुरळा, तो भिजूनही थोडा उभा राहतो आणि मधे हवा धरतो. कॅशमिलॉन पाणी पीतच नाही, घाम बुटातच साचतो. लोकरीचा दोष एकच मोठा: तंतूवर खवले असतात. गरम पाण्यात चोळून धुतलं की ते एकमेकांत अडकतात आणि मोजा आटून नमदा होतो. माझ्या हातून नव्या लोकरीच्या विणीचा एक तुकडा असाच आटला, त्याची आता तवा धरायची चिंधी झाली आहे.

मोज्याची परीक्षा घेतली आत्याच्या नातवाने. त्याच्या शिवाराला त्या आठवड्यात वीज रात्रीची. रात्री अकरा ते सकाळी सात उसात दारं धरायची. एक वाफा भरला की फावड्याने बांध फोडून पाणी पुढच्यात सोडायचं, हातात बॅटरी, पायात गमबूट. मोजा एकच विणून झाला होता. उजव्या पायात तो घाल आणि डाव्यात तुझा नेहमीचा, असं मी सांगितलं. तो हसला, पण घालून गेला. नमुन्याचं ११ इंची पाऊल त्याला इंचभर लांब होत होतं, ते त्याने बोटांखाली दुमडून घेतलं. किचनरची सगळी मेहनत वाया.

सकाळी तो पडवीच्या पायरीवर बसला आणि गमबूट उलटे केले. डाव्यातून मातकट पाणी सांडलं. उजव्यातूनही सांडलं, कारण गमबुटाच्या वरून पाणी शिरताना ते डावं-उजवं बघत नाही. डाव्या पायाचा चवडा पांढरा, सुरकुतलेला, भिजवलेल्या पोह्यासारखा. उजवा ओला होता पण लाल, जिवंत दिसत होता.

"आजी, ह्यो पाय रात्रभर माझा होता," तो म्हणाला. "त्यो दुसऱ्याचाच वाटत होता." मग मोजा पिळला आणि टाचेकडे बोट दाखवलं. तिथे विणीला पोक आला होता, टाच घोट्यापाशी सरकली होती.

आत्याने मोजा त्याच्या हातातून घेतला, उलटा केला आणि उन्हाकडे धरला. टाचेच्या पदरावर अंगठ्याचं नख एकेका ओळीवरून नेत ती पुटपुटत मोजू लागली. चोवीसवर थांबली. पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

"दोन वळी खाल्ल्यास तू," ती म्हणाली, आणि ट्रंकेवरच्या बांबूच्या सुयांकडे हात केला. "आण हिकडं. दुसऱ्याची टाच मी घेते."